रविवार कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत घडलेला हा प्रसंग आहे. पुढच्या रविवारी सभासद-नोंदणीच्या फेरीला कोण कोण येणार, याची यादी चालली होती. एका तरुण साथीचे नाव आले तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "भाऊ, या रविवारी मला जमणार नाही. मुलांना राणीच्या बागेत न्यायचं कबूल केलंय." क्षणभर शांतता पसरली, आणि मग कोणीतरी हसले. एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "म्हणजे चळवळ आता पेंग्विन बघायला निघाली!" सारी बैठक हसली. तरुण खाली बसला. तो काही बोलला नाही. परंतु त्याचा चेहरा उतरला होता, आणि त्यानंतरच्या बैठकीला तो आला नाही.

त्या हास्यात मीही सामील होतो, हे आरंभीच कबूल करतो. पण तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. बदलापूरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. तो एका छापखान्यात कामाला आहे. त्याची पत्नी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. त्याला रविवारी सुटी, तर तिची सुटी पाळीप्रमाणे फिरती. दोघांची सुटी एकाच दिवशी यावी, असे महिना-दीड महिन्यातून एकदाच घडते. तो रविवार नेमका तसा होता. "भाऊ, मी सकाळी निघतो तेव्हा धाकटा झोपलेला असतो, रात्री येतो तेव्हाही झोपलेलाच असतो," तो म्हणाला. "जागा असलेला तो मला रविवारीच दिसतो." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य मनाला अधिक लागले.

लहान मुलांना घेऊन एखाद्या बागेत जाणे, घरी त्यांच्यासोबत एखादा कंदील किंवा खेळणे बनविणे, या गोष्टी आपण 'घरगुती' या सदरात टाकून देतो. चळवळीत त्यांना स्थान नाही, आणि असलेच तर ते दुबळेपणाच्या खात्यात, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. त्या कुटुंबाचा तो एक रविवार ज्या तीन आधारांवर उभा राहतो, ते तिन्ही आधार सार्वजनिक आहेत: मोकळा वेळ, मोकळी जागा, आणि घरातील कामाची न्याय्य वाटणी. हे तिन्ही संघर्षाचे विषय आहेत, आणि तिन्ही आघाड्यांवर आज आपण मागे हटत आहोत.

प्रथम वेळेचा प्रश्न घेऊ. आठवड्याची सुटी ही आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसांना ती मिळवून देण्यासाठी महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार, अशा त्यातील मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. त्यांपैकी पहिली पदरात पडायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी यांना भक्कम रूप दिले. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे, आणि आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये, हे तत्त्व तिच्यातही नमूद आहे. परंतु सुटीचा दिवस कागदावर कायम ठेवून कामाचा दिवसच लांबविण्याचा मार्ग मोकळा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. १२ तासांच्या कामाला बदलापूरहून जाण्यायेण्याचे तीन तास जोडा आणि त्या घरातील तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. शिवाय छापखान्यातील कामगाराला निदान हाजिरीपत्रक तरी आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, कंत्राटदाराने नेमलेला पहारेकरी, मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचविणारा तरुण, यांच्या आठवड्याला रविवार आहे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत सुटी म्हणजे बुडालेली मजुरी. १८९० मध्ये गिरणी कामगाराने जे मिळविले, ते या माणसांच्या मुलांना अजून मिळायचे आहे.

आता त्या रविवारच्या सहलीकडे येऊ. त्या दोघांनी ती मला सविस्तर सांगितली. सकाळी लवकर डबा करून निघायचे. कारण दहा-अकरानंतर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. ज्या दिवशी कामगार-कुटुंबे बाहेर पडतात नेमक्या त्याच दिवशी गाड्या कमी होतात, याचा राग येणे स्वाभाविक आहे. परंतु मुलीने खिडकीतून रुळांवर राबणारी माणसे दाखवून विचारले, "बाबा, यांना आज सुट्टी नाही?" तिच्या बापाने दिलेले उत्तर मला मोलाचे वाटले. तो म्हणाला, "यांची सुट्टी दुसऱ्या दिवशी असायला हवी. ते आज काम करतात म्हणून आपली गाडी उद्या नीट चालते." आपला विसावा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभा असतो, हे सहा वर्षांच्या मुलीला इतक्या सोप्या शब्दांत सांगता येते. आपल्या अभ्यासवर्गांत हाच विषय समजावून द्यायला आपण दोन तास घेतो.

परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्थानके मागे टाकून गाडी भायखळ्याला पोचते. त्या मुलांचे आजोबा याच पट्ट्यातील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांपैकी ते एक. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत आणि अधूनमधून एखादे धुराडे खूण म्हणून राहिले आहे. मुंबईतील गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे व्हायचे होते: एक मालकाला, एक सार्वजनिक घरबांधणीला, आणि एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ रिकाम्या पडलेल्या भूखंडापुरती राहिली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती हिशेबातून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. आपण या लढ्याकडे कामगारांच्या थकबाकीचा आणि घरांचा लढा म्हणून पाहिले, आणि ते योग्यच होते. पण तो मुलांच्या खेळण्याच्या जागेचाही लढा होता. मैदानाचा वाटा आक्रसला, तेव्हा मैदान मागणारी मुले अजून जन्मायची होती. आणि न जन्मलेल्यांच्या वतीने बोलणारे आपल्यांत फार थोडे निघाले.

राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासून लोकांसाठी खुली आहे. पिढ्यान् पिढ्या लालबाग-परळच्या मुलांनी हत्ती प्रथम पाहिला तो येथेच. २०१६ मध्ये सोलहून पेंग्विन आणले गेले, आणि २०१७ मध्ये मोठ्या माणसाचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले मिळून १०० रुपये, अशी सवलत ठेवली गेली, हे खरे. तरीही ज्याला तिसरे मूल आहे, त्याने मनाशी बेरीज करूनच दाराशी जावे, अशी ही व्यवस्था आहे. व्यापारी संकुलांतील खेळघरांपेक्षा हे स्वस्त आहे, असे उत्तर दिले जाते. पण सार्वजनिक बागेची तुलना खासगी खेळघराशी करणे हाच मुळात पराभव आहे. तुलना करायचीच तर ती शिवाजी पार्कशी करावी, चौपाटीशी करावी, जेथे पाऊल ठेवायला पैसे पडत नाहीत.

सार्वजनिक जागा नव्याने घडविता येतात, याचेही उदाहरण याच शहरात आहे. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी जेथे एके काळी शहराचा कचरा टाकला जात होता, तेथे माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी उघडले. सुमारे ३७ एकरांवर आज तेथे दाट झाडी आहे. फुलपाखरे आहेत, पक्षी आहेत. कचऱ्याच्या ढिगावर वन उभे राहू शकते, तर बदलापूर, नालासोपारा, दिवा येथील प्रत्येक प्रभागात एक सावलीची बाग, पाण्याचा नळ आणि स्वच्छ शौचालय का उभे राहू नये? लहान मूल सोबत असलेल्या बाईला विचारा. बागेत झोपाळा किती रंगीत आहे, यापेक्षा शौचालय उघडे आहे की कुलूपबंद, हा प्रश्न ती आधी सांगेल. बदलापूरच्या मुलांना हिरवळीवर धावण्यासाठी दीड तासाचा प्रवास करून भायखळ्याला जावे लागते, ही त्या सहलीतील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

प्रत्येक रविवार अर्थातच सहलीचा नसतो. बहुतेक रविवार घरातच जातात, आणि त्या घरातील रविवारही मी पाहिला. इमारतीच्या जिन्याखाली दिवाळीतील किल्ल्याचे अवशेष अजून होते. चार विटा, त्यांवर गोणपाट, वर लाल मातीचा लेप. त्यावर मुलीने पेरलेल्या हळिवाच्या रोपांच्या वाळलेल्या काड्या. मजल्यावरची इतर पाच मुले त्यात सामील झाली होती. दारावरचा आकाशकंदील घरी बनविलेला. कामट्या बापाने तासल्या, सांगाडा आईने दोऱ्याने बांधला, कणकेची खळ मुलीने ढवळली आणि पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या धाकट्याने चिकटविल्या. त्या वाकड्या लागल्या होत्या, आणि तशाच ठेवल्या होत्या. बाजारातला प्लास्टिकचा कंदील त्यांना परवडला असता. मग हा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले. मुलीची आई म्हणाली, "विकतचा फुटला की टाकून देतो आपण. हा फाटला तेव्हा तिनंच कागद लावला."

मुलांच्या हाताला काम देणे हे शिक्षणच आहे, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर रुजले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी मुलांना मिळणे शक्य नव्हते. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने यांतूनच मोजणे, निवडणे, लावणे शिकविले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. आणखी एक उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. १९७८ मध्ये मोटार कारखान्यातील अभियंत्याची नोकरी काही काळ बाजूला ठेवून ते होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या उपक्रमात गेले, आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या करून दाखविल्या. पुढे पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकविण्याचे हेच काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. या सर्वांनी एकच गोष्ट सिद्ध केली: मुलाच्या बुद्धीला लागणारे साहित्य गरिबाच्या घरातही असते. नसतो तो वेळ. आणि शेजारी बसणारा, न थकलेला मोठा माणूस.

हे शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून लिहिले आहे. मुलाच्या हातात मोबाईल देऊन गप्प बसविणाऱ्या आई-बापांवर टीका करणे आज सोपे झाले आहे. परंतु रात्री नऊला घरी पोचलेल्या, उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला कामट्या तासायला सांगणे हा उपदेश पोट भरलेल्यांचा आहे. त्याच्या थकव्याचा फायदा दोघे घेतात: त्याला थकविणारा मालक, आणि त्याच्या अपराधी भावनेवर महागडी खेळणी विकणारा बाजार. दोष द्यायचा तर या व्यवस्थेला द्यावा.

मात्र एक दोष आपल्या घरातला आहे, आणि तो व्यवस्थेच्या माथी मारून चालणार नाही. रविवार पुरुषाचा असतो, बाईचा नसतो. सहलीच्या दिवशी पहाटे उठून डबा कोण करते? परतल्यावर चिखलाचे कपडे कोण धुते? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. आजारी, वृद्ध आणि मुले यांच्या देखभालीत हाच हिशेब १३७ आणि ७५ मिनिटांचा आहे. १८९० च्या सभेत ज्या दोन स्त्रिया सुटीसाठी बोलल्या, त्यांना गिरणीतून सुटी मिळाली. चुलीपासून मिळाली नाही. मुलांसोबत कंदील करणारा बाप कौतुकाचा विषय होतो. त्याच वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी आई कोणाच्या डोळ्यांत येत नाही. त्या तरुण साथीच्या घरी मी पोचलो तेव्हा भांडी तो घासत होता. मला पाहून तो किंचित संकोचला. संकोच वास्तविक मला वाटायला हवा होता. माझी मुले लहान असताना मी हे काम कधी केलेले नाही.

आणि येथे मला आपल्या स्वतःविषयी बोलले पाहिजे. आपली शिबिरे, बैठका, मोर्चे, बहुधा सारे रविवारी असते. कारण त्याच दिवशी कामगार मोकळा असतो. म्हणजे मालकाने सोडलेला एकमेव दिवस आपण मागून घेतो. तो मागताना घरी वाट पाहणाऱ्या मुलांची परवानगी आपण कधी घेतली नाही. माझ्या पिढीतील कार्यकर्त्यांनी याला त्याग म्हटले. त्याग होताच, पण तो पुष्कळसा आमच्या बायकांनी आणि मुलांनी केला. माझा मुलगा आज चाळिशीचा आहे. चळवळीविषयी त्याच्या मनात वैर नाही. फक्त ती त्याला परकी आहे. आमच्या अनेक घरांत हेच चित्र आहे. दुसऱ्या पिढीने पाठ का फिरविली, याची कारणे आपण जागतिकीकरणात शोधतो. काही कारणे आपल्या रविवारांतही सापडतील.

यावर उपाय म्हणून बैठका बंद करा, असे मी म्हणत नाही. संघटनेशिवाय सुटी मिळाली नाही आणि संघटनेशिवाय ती टिकणारही नाही. पण महिन्यातला एक रविवार पूर्णपणे मोकळा ठेवता येईल. उरलेल्या रविवारी बैठकीच्या जागी मुलांसाठी चटई, रंग, माती आणि त्यांच्याबरोबर बसायला आळीपाळीने दोन साथी, पुरुष साथीसुद्धा, देता येतील. आपल्या मागण्यांच्या पत्रकात किमान वेतनाच्या शेजारी घरकामगारांची आणि कंत्राटी कामगारांची पगारी साप्ताहिक सुटी लिहिता येईल, आणि प्रभागातील बागेच्या, शौचालयाच्या मागणीला 'किरकोळ' म्हणणे थांबविता येईल. या मागण्यांवर ज्या आया आपल्यासोबत येतील, त्या एरवी कोणत्याही सभेला आल्या नसत्या.

त्या तरुण साथीची मी क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, पुढच्या रविवारी मी येतो. पण तिची ड्यूटी आहे. मुलांना घेऊन आलो तर चालेल का?"

चालेल, असे मी त्याला सांगितले आहे. बैठकीत ज्यांनी त्या दिवशी हसून घेतले, त्यांना हे आता येथे जाहीरपणे कळवीत आहे. त्या रविवारी चटई मी आणणार आहे. माती आणि रंग कोणी आणायचे, ते ठरवून या.